शेठला गार उंदीर चालत नाही

किस्से काही एका दिवसात जमत नाहीत. फ्रीजरच्या भिंतीवर बर्फ चढतो ना, तसं त्यांचं असतं. रोज बघितलं तर काहीच दिसत नाही, आणि एक दिवस दारच लागत नाही! माझं सध्या तसं झालंय. साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त होऊन शहाद्याला घरी बसलो, तेव्हा वाटलं होतं, आता सांगण्यासारखं काय घडणार? सकाळी पेपर, संध्याकाळी चक्कर, संपलं.

आणि मग घरात अजगर आला.

अजगर म्हटलं की ऐकणारे पाय वर घेऊन बसतात, म्हणून आधीच सांगतो. हा आफ्रिकेतला बॉल पायथन. मनगटाएवढा जाड, बिनविषारी, आणि घाबरला की चेंडूसारखा गोळा होऊन डोकं आत लपवणारा. आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी आहे. हा परदेशी, रीतसर नोंदणी केलेला, कागदपत्रांसकट. आमच्या निखिलने पुण्यात असताना पाळला होता. त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि "आई, फक्त सहा महिने सांभाळ," असं म्हणून तो काचेची पेटी आमच्या बैठकीत ठेवून गेला. ते सहा महिने अजून चालूच आहेत!

निखिलने त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते काही त्याच्या आईच्या जिभेवर बसेना. तिने महिनाभर निरीक्षण केलं. पंधरा दिवसांतून एकदा जेवायचं, जेवल्यावर जागचं हलायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर दबकत वागायचं.

"हाऊ ते शेठ शे शेठ!" ती तिच्या अहिराणीत म्हणाली. तेव्हापासून तो शेठ.

*

शेठ काय खातो, हे निखिलने आईला निघायला दोन दिवस उरल्यावर सांगितलं. हुशार पोरगा!

गोठवलेला उंदीर. गटारातला नव्हे, खास पैदास केलेला, पांढराशुभ्र. सुरतेहून थर्माकोलच्या खोक्यात येतो. निखिलने सूचनांचा कागद लॅमिनेट करून भिंतीला लावला होता. आदल्या रात्री उंदीर पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकटच कोमट पाण्यात बुडवायचा. आतपर्यंत मऊ झाला का, ते दाबून बघायचं. मायक्रोवेव्ह कधीही नाही. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही. भांडी वेगळी, चिमटा वेगळा, शेवटी हात साबणाने.

हिराबाईने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, तो कागद चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

"या घरमा चातुर्मासमा कांदा बी येत नही, आनि तू उंदरे ठेवाले निंघना?"

"आई, पिशवीत असतात गं. बंद पिशवीत."

"मन्हा फ्रीजमा दूध ऱ्हास, दही ऱ्हास, देवना नैवेद्य ऱ्हास. उंदीर ऱ्हावाव नही!"

निखिलचं विमान दोन दिवसांवर. तो माझ्याकडे बघतोय, मी कागदाकडे बघतोय. शेवटी मीच जाऊन एक जुना, कमरेइतका फ्रीज आणला आणि पुढच्या ओट्यावर ठेवला. त्याला कुलूप लावलं. किल्ली माझ्या जानव्याला लावायची राहिली होती, एवढंच!

गंमत पुढे. दसरा आला. हिराबाईने शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्याला हळदीकुंकू लावून झेंडूची माळ घातली. ओट्यावर येऊन त्या फ्रीजसमोर थांबली. हातात एक माळ उरली होती. बराच वेळ विचार केला आणि घातली.

मी म्हटलं, "अगं, आत उंदीर आहेत."

"मंग?" ती म्हणाली. "गणपतीना फोटोमा बी ऱ्हास."

*

आमचं सापमंडळ तीन घरांचं आहे. शहाद्याला आम्ही. विसरवाडीला सुशील गावित. त्याचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान आहे आणि घरी 'राणी' नावाची कॉर्न स्नेक. तीही परदेशी, कागदपत्रांची. आणि नंदुरबारला आमच्या डॉक्टर मॅडम, जनावरांच्या डॉक्टर. दिवसभर म्हशी आणि कुत्री तपासतात, आमचे साप त्यांना विरंगुळा म्हणून.

मॅडमनी आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. उंदीर वितळवण्याबद्दल सारखे प्रश्न यायचे, म्हणून ग्रुपला नाव दिलं 'कोमट पाणी'.

आता झालं काय, माझे मेहुणे आमच्याकडे मुक्कामाला आले होते. त्यांना पित्ताचा त्रास. माझ्या मोबाईलवर त्यांनी ग्रुपचं नाव बघितलं.

"आप्पा, हे नैसर्गिक उपचारवाले का? आम्हालाही घ्या की!"

मी काही बोलायच्या आत हिराबाई आतून म्हणाली, "घी ल्या ना दादाले!" तिला वाटलं, भाऊ साप शिकतोय! मॅडमना वाटलं, नवा सर्पप्रेमी आला. झाले मेहुणे सदस्य.

पहिल्याच सकाळी त्यांनी ग्रुपवर विचारलं, "नमस्कार. उपाशीपोटी किती घ्यावं?"

मॅडमनी लगेच उत्तर दिलं, "वजनावर आहे. तुमचं किती?"

"पंच्याऐंशी किलो."

नंतर मॅडमनी मला सांगितलं की त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. जिल्ह्यात पंच्याऐंशी किलोचा अजगर, आणि आपल्याला पत्ता नाही!

तेवढ्यात सुशीलने नेहमीप्रमाणे सल्ला टाकला, "पूर्ण मऊ झाल्याशिवाय गिळू देऊ नका. आत बर्फ राहिला तर उलटी होते. आणि डोक्याकडून द्या, शेपटीकडून अडकतो."

मेहुणे त्याच मिनिटाला ग्रुपमधून बाहेर पडले. पित्त मात्र बरं झालं म्हणतात.

*

सुरुवातीला माझ्याही चुका झाल्या. एकदा आदल्या रात्री उंदीर खाली काढून ठेवायला विसरलो. सकाळी बघतो तर दगड! त्याने टेबलात खिळा ठोकता आला असता. शेठचा तर जेवणाचा दिवस. म्हटलं, वैशाखातलं शहाद्याचं ऊन आहे, पाच मिनिटांत काम होईल. उंदीर पिशवीतून काढून ताटलीत घातला आणि मागच्या भिंतीवर ठेवला.

हे अगदी चूक! उन्हात वरून सडायला लागतो आणि आतून गोठलेलाच राहतो. मॅडमनी नंतर माझी अशी खरडपट्टी काढली की लॅबमध्ये माझ्या साहेबांनीही कधी काढली नव्हती. पण ते नंतर.

मी हात धुऊन परत आलो तर ताटली रिकामी. आमच्या गल्लीत एक म्हातारी मांजर आहे, दात अर्धे पडलेले. हिराबाईच्या दुधावर जगते. तिने आयुष्यभर काही शिकार केली असेल असं वाटत नाही. तिला भिंतीवर न पळणारा उंदीर सापडला! देवच पावला!

ती तो तोंडात धरून ऐटीत निघाली, आणि शेजारच्या लीलाबाईंच्या ओट्यावर जाऊन खायला बसली. चावते, तर चावला जाईना. पंजा मारते, तर उंदीर फरशीवर टक्‌ टक्‌ वाजतोय आणि घसरत पुढे जातोय. मांजर त्याच्यामागे. परत पंजा, परत टक्‌! लीलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी उंदराला बोट लावून पाहिलं आणि झटक्यात मागे घेतलं.

मी भिंतीवरून डोकावलो.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "हाऊ उंदीर मरेल शे का थिजेल शे?"

"थिजलेला आहे, काकू."

"अन् तुमनी मनी आते फ्रीजमाईन शिकार करस?"

*

मायक्रोवेव्हचा किस्सा सांगत नाही. जेवणाची वेळ आहे. एवढंच सांगतो, की तो माझ्या घरातला नाही, आणि ज्यांच्या घरातला आहे त्यांनी त्यानंतर मायक्रोवेव्ह तर टाकलाच, पण स्वयंपाकघराला रंगही दिला.

*

सुशीलची राणी तेव्हा लहान होती. लहान सापांना उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं लागतात, गुलाबी, करंगळीच्या टोकाएवढी. या धंद्यात त्यांना 'पिंकी' म्हणतात. हे लक्षात ठेवा, कारण बसमधल्या लोकांना ते माहीत नव्हतं.

सुशील आणि त्याची बायको एका लग्नाला निघाले होते. दोन दिवस राणीला माझ्याकडे सोडलं होतं. मी पहिल्यांदाच पिंकी देणार होतो, म्हणून फोन लावला. सुशील एसटीत, गाडी खच्चून भरलेली. हायवेवर राहून त्याला ट्रकच्या आवाजावर बोलायची सवय. तो हळू बोलूच शकत नाही.

त्या गाडीत काय ऐकू आलं, ते असं:

"हां आप्पा! पिंकीला फ्रीजरमधून काढलं का?"

"कडक आहे? असणारच! पिशवीत घाला आणि कोमट पाण्यात बुडवा!"

"उकळतं नको, उकळतं नको! कातडी सोलून निघेल!"

"पाच मिनिटं पुरे. लहान जीव आहे, लवकर होते."

"मग चिमट्याने धरा. डोकं आधी जाऊ द्या. राणी एका घासात घेईल."

पुढच्या बाकावर एक मावशी होत्या. त्यांनी आधी स्वतःच्या मांडीवरची नात घट्ट धरली आणि मग अशी आरोळी ठोकली की ड्रायव्हरने गाडी थेट कडेला घेतली.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. सुशीलच्या दोन्ही बाजूंचे लोक उभे राहिले होते. एकाने त्याची कॉलर धरली होती. सुशीलची बायको डोक्यावर पदर घेऊन खिडकीबाहेर बघत होती, जणू या माणसाशी आपला काही संबंध नाही!

"पिंकी कोण?" कंडक्टरने विचारलं.

"उंदराचं पिल्लू."

"आणि राणी?"

"साप."

"आणि आप्पा?"

"आप्पा माणूस आहे. रिटायर."

सुशीलने मोबाईलवर राणीचे फोटो दाखवले, नोंदणीचा कागद दाखवला. कंडक्टरने चष्मा वर करून सगळं पाहिलं, मोबाईल परत दिला, आणि गाडीतल्या लोकांकडे वळून ओरडला:

"बसा, बसा सगळे! खून नाही, स्वयंपाक आहे!"

*

सुशीलच्या दुकानाचाही एक आहे. पंक्चर काढणाऱ्याकडे पाण्याचा टब असतो. ट्यूब बुडवायची, बुडबुडे आले की पंक्चर सापडलं. राणी आता मोठी झाली होती, तिला अख्खा उंदीर लागायचा. सुशीलने डोकं चालवलं. दुपारी टबातलं पाणी उन्हाने आपोआप कोमट होतं. कशाला गॅस जाळा? पिशवी त्यात सोडून दिली.

हेही चूक. त्या पाण्यात तेल असतं, काय काय असतं. पण सुशीलला तेव्हा कोण सांगणार?

एक ट्रकवाला आला, चाक काढून बसला. बसल्या बसल्या टबाकडे बघतोय. पिशवीला कुठेतरी भोक असावं. पांढरा उंदीर पाण्यात हळूहळू गोल फिरतोय, आणि त्याच्या बाजूने बारीक बारीक बुडबुडे वर येतायत.

ट्रकवाल्याने पाहिलं, सुशीलकडे पाहिलं, पुन्हा टबात पाहिलं.

"उस्ताद," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "इसका भी पंक्चर निकालते हो?"

*

उंदीर नुसता वितळून भागत नाही. शेठला तो अंगात ऊब असलेला लागतो. त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ऊब कळते. गार उंदीर समोर धरला तर तो आमच्याकडे असा बघतो, जसं लग्नात जावयाला दुसऱ्या पंगतीला बसवलं! मॅडम म्हणाल्या, "आप्पा, शेवटी डोक्याकडून जरा हेअर ड्रायर फिरवा. एक मिनिटभर."

आमच्या घरात ड्रायर कुठला? माझ्या डोक्यावर वाळवण्यासारखं काही उरलेलं नाही आणि हिराबाई ओट्यावर उन्हात बसते. पण लीलाबाईंची सून कविता घरातच ब्यूटी पार्लर चालवते. मी गेलो.

"काका, कोणाचे केस सेट करायचेत?"

मी खरं सांगायला घाबरलो. "पाहुणा आहे गं एक."

"केस लांब आहेत का?"

"नाही, आखूड. पांढरे."

"मग लो वर ठेवा हं, काका. वयस्कर माणसांची कातडी नाजूक असते."

दोन वेळा ड्रायर नेला आणि परत केला. तिसऱ्या वेळी ती स्वतःच दारात उभी! म्हणाली, पाहुण्यांना भेटते, त्यांना हेड मसाज आवडेल का विचारते. मी ओट्यावर स्टुलावर बसलेलो. एका हातात ड्रायर, दुसऱ्या हातात चिमटा, चिमट्यात पाहुणा.

कविता किंचाळेल म्हणून मी डोळे मिटले. काहीच आवाज नाही. डोळे उघडले तर ती वाकून, धंद्याच्या नजरेने त्याच्या पाठीकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "एवढी शाईन कशाने आली?"

ड्रायर मात्र तिने परत घेतला नाही. तो आता शेठचा. पार्लरसाठी मी तिला नवा आणून दिला.

*

सुरतेचं पार्सल बसने येतं. स्टँडवर जाऊन खोकं घ्यायचं आणि पाणी सुटायच्या आत घर गाठायचं. त्या दिवशी त्याच गाडीने थर्माकोलची दोन खोकी आली. एक माझं. दुसरं एका आचाऱ्याचं. गावात साखरपुडा होता, त्याने सुरतेहून केशर-पिस्ता कुल्फी मागवली होती. खोकी दिसायला सारखी. मी एक उचललं, त्याने एक उचललं.

घरी हिराबाई ओट्यावरच होती. मी खोकं उघडलं, तर आत कुल्फी! ती जवळ आली, पाच फुटांवरूनच मान लांब केली.

"बाई वं!" ती म्हणाली. "पहिल्यांदा काही चांगलं ऊनं!"

मी स्कूटर काढणार तोच फोन वाजला. खोक्यावर माझा नंबर होता. पलीकडे आचारी.

"साहेब, तुम्ही जे कोणी असाल… इथे नवरीचे मामा बसलेत. त्यांनीच झाकण उघडलं. ते तेव्हापासून बोलत नाहीयेत."

मी कुल्फीचं खोकं घेऊन धावलो. पण तोवर दीड तास झाला होता, वैशाखच होता, आणि त्यांनी तर माझं खोकं झाकण उघडं टाकून अंगणाच्या कोपऱ्यात लोटलं होतं. उंदीर पार मऊ. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "एकही परत गोठवायचा नाही, आप्पा. सगळे पुरून टाका." पंधरा दिवसांचा नव्हे, चार महिन्यांचा किराणा गेला! कुल्फीचंही तेच, माझ्या धावपळीत तिची रबडी झालेली.

आचारी हात जोडून म्हणाला, "परत फ्रीजरला लावली तर नाही का चालणार?"

हिराबाई माझ्या मागे स्कूटरवर आली होती. तिने माझ्या आधी उत्तर दिलं, निखिलच्या कागदातलं, शब्द न शब्द पाठ:

"एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही. भांडी वेगळी. शेवटी हात साबणाने."

आचाऱ्याने मान डोलावली. त्याला वाटलं, बाई सरकारी खात्यातून आलीय. ती रबडी साखरपुड्यात वाट्या भरभरून वाढली गेली. नवरीच्या मामांनी तेवढी घेतली नाही.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

मागच्या थंडीत शेठने जेवण सोडलं. पहिल्यांदा वाटलं, असेल मूड. हे अजगर थंडीत उपास करतात, निखिलने सांगितलेलंच होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा दिला, तोंड फिरवलं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. मी पाणी थर्मामीटर लावून मोजायचो, बेचाळीस म्हणजे बेचाळीस. ड्रायर फिरवायचो. चिमटा हलवून उंदीर जिवंत असल्यासारखा नाचवायचो. शेठ गोळा होऊन पडलेला. नाकारलेला उंदीर दर वेळी कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरायचा. त्या झाडाला त्या वर्षी काय पाला आला!

पण हसण्यासारखं उरलं नव्हतं. चार महिने झाले. भाजीच्या काट्यावर वजन केलं तर उतरत चाललेलं. पाठीचा कणा बोटाला लागायला लागला. निखिल रोज फोन करायचा, "बाबा, खाल्लं का?" नाही म्हटलं की पेटीकडे कॅमेरा धरायला सांगायचा. मॅडम म्हणाल्या, "या आठवड्यात आणखी एकदा बघा. नाही तर इकडे घेऊन या, नळीने भरवावं लागेल. त्यात धोका आहे, आधीच सांगते."

आणि हिराबाई, जी पाच फुटांच्या आत कधी आली नव्हती, ती दुपारी पेटीशेजारी पाट टाकून गहू निवडायला बसू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "आठे उजेड चांगला शे."

शेवटचा प्रयत्न म्हणून मी उंदीर रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवला. सकाळीच नंदुरबारच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन: मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तुमची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, आज एक जागा रिकामी झालीय, येता का? सुशील मला न्यायला आला. निघताना मी म्हटलं, "तो उंदीर आता वाया गेला. संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही."

"तुम्ही जा," हिराबाई म्हणाली. "मी फेकी दिसू."

दुपारी ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याचा नंबर एवढा की चष्म्याशिवाय समोरची भिंतही पुसट. ओळीने खाटा, सगळेच पट्टीवाले, सगळे गप्प. तेवढ्यात माझा फोन वाजला. चाचपडत कुठलं तरी बटण दाबलं, आणि हिराबाईचा आवाज सबंध वॉर्डात घुमला.

"ऐकतस का? शेठनी खादं!"

मी उठून बसलो. "काय?"

"खादं! चार महिनापाईन तोंडमा घास नव्हता, आज खादं!"

"कोणी भरवलं?"

"मी भरावं! आजून कोन शे घरमा?"

"पाणी किती गरम केलंस? थर्मामीटर कुठे आहे तुला माहीत तरी—"

"कसानं थर्मामीटर? कोपर बुडाईसन देखं. पोरेसले आंग धवाडतस ना, तसं पानी." मग ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. "म्या त्याले सांगं, निखिल तठे परदेशमा उपाशी बठेल शे तुन्हा पायी. खाई ले रे बापा. त्यानी डोकं वर करं. मन्हाकडे देखं. आनि घिदं!"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. सुशीलने फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडावर रुमाल दाबून बाहेर गेला.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारबाबा होते. त्यांच्याही डोळ्यावर पट्टी. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली.

"नातू का, भाऊ?"

मी नुसतं "हं," म्हटलं.

"बरं व्हयनं जेवना. चार महिना म्हंजे हद शे! कितला मोठा शे?"

"साडेतीन फूट."

"अरे वा! मंग ते घरभर पयत व्हई!"

"नाही हो," मी म्हटलं. "अजून सरपटतोच."

पलीकडे कोणीतरी च्‌ च्‌ केलं. म्हातारबाबांनी हवेत हात फिरवला, माझा हात शोधला आणि घट्ट धरला.

"काळजी करू नका, भाऊ," ते म्हणाले. "आमना बी उशिराच चालना. आते पोलीसमा शे."